पैसे देऊन कुणी बोलतं का?

आपल्याकडे ऐकणाऱ्या माणसांना तोटा नाही. भाजीवाली ऐकते, शेजारीण ऐकते, पार्लरवाली ऐकते. रेल्वेत समोरच्या बाकावर बसलेली अनोळखी बाई तर झाशी ते ग्वाल्हेर एवढ्या प्रवासात तुमच्या तीन पिढ्यांची कहाणी ऐकून घेते. मग मला सांगा, इतके कान आजूबाजूला असताना तुमच्या मनात अशी एखादी तरी गोष्ट का आहे, जी तुम्ही अजून कुणालाच सांगितलेली नाही?

उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याला कान आहेत, त्याला तोंडही आहे.

मी राहते त्या बरुआसागरात हे जरा जास्तच खरं आहे. झाशीहून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव. मोठा तलाव, त्याच्या काठी जुना किल्ला, आजूबाजूला आल्याची आणि भाजीपाल्याची शेती. सकाळी मंडईत बोललेलं वाक्य दुपारी तलावाच्या बांधावर पोचतं आणि संध्याकाळी आपल्याच दारात परत येतं, तेही चांगलं अंग धरून. अठराव्या शतकात नारो शंकर झाशीचे सुभेदार असताना जी मराठी घरं इकडे आली, त्यांतलंच आमचं एक, असं सासरी सांगतात. आम्ही घरात मराठी बोलतो आणि दारात बुंदेली. दोन-दोन भाषा हाताशी आहेत, पण मनातलं सांगायची वेळ आली की दोन्हीत एकच वाक्य निघतं, 'सगळं ठीक आहे.'

गेल्या दिवाळीत हे 'सगळं ठीक आहे' आमच्या घरात एका सिनेमानं हलवलं. त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

झालं असं, की माझी पुतणी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. शिक्षण तिकडेच झालं, नंतर सहा वर्षं एका रुग्णालयात काम केलं. दिवाळीला आली आणि फराळाच्या ताटावरच तिनं जाहीर केलं, की मी पुणं सोडून परत येतेय. गच्चीवरची खोली मला द्या, तिथं मी लोकांशी बोलायला बसेन.

माझ्या जाऊबाईंच्या हातातली चकली तशीच राहिली. पहिला प्रश्न, 'पुणं सोडून कुणी इकडे येतं का?' दुसरा, 'घरात वेड्यांचा दवाखाना? धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.' तिसरा प्रश्न माझ्या मिस्टरांचा, 'इथं पैसे देऊन कोण बोलेल गं? इथं तर गप्प बसायचे पैसे द्यावे लागतात!' सगळे हसले. पुतणीही हसली. मग म्हणाली, 'नाही म्हणायच्या आधी माझ्याबरोबर एक सिनेमा बघा.'

ट्युनिसची गच्ची

सिनेमाचं फ्रेंच नाव 'आँ दिव्हाँ आ त्युनिस', म्हणजे 'ट्युनिसमधला एक दिवाण'. इंग्रजीत तो 'अरब ब्लूज' या नावानं आला. २०१९ सालचा. दिग्दर्शिका मनेल लाबिदी, तिचा हा पहिलाच मोठा चित्रपट. ती स्वतः ट्युनिशियन आईबापांची, पण फ्रान्समध्ये वाढलेली. सिनेमा फ्रेंच आणि अरबी भाषेत आहे, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या सासूबाईंचं वय ८१, त्यांना ती वाचता येईनात, म्हणून पुतणी मध्येमध्ये थांबवून सगळं मराठीत सांगत होती. त्यामुळे दीड तासाचा सिनेमा आम्ही तीन तास पाहिला. घरात लहान मुलं असतील तर आधी तुम्ही एकट्यानं पाहून घ्या, काही विषय मोठ्यांचे आहेत.

गोष्ट सेल्मा नावाच्या मुलीची. पॅरिसमध्ये मनोविश्लेषण शिकलेली, तिथंच काम केलेली. ती आपल्या मायदेशी ट्युनिशियात परत येते आणि राजधानीच्या उपनगरात, काकांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक दिवाण टाकून बसते. सामानात सिग्मंड फ्रॉइडचा फोटो आहे, तोही लाल तुर्की टोपी घातलेला. हा दाढीवाला कोण, तुझ्या नात्यातला का, असे प्रश्न सुरू होतात. तिची चुलत बहीण तर थक्कच होते. सगळे इथून पॅरिसला पळायला बघतात आणि ही तिकडून इकडे आली!

'बघ,' जाऊबाई म्हणाल्या, 'तिकडचे लोकही तेच विचारतात.'

मग सेल्मा पार्लरमध्ये जाऊन आपल्या कामाची ओळख करून देते. बायका खो खो हसतात. बोलायचे पैसे? ते तर आम्ही इथं फुकट करतो! एका गृहस्थाला वाटतं, ही बाई गच्चीवर भलत्याच धंद्याला बसली आहे. आणि तरीही एकेक करून लोक जिना चढायला लागतात. पार्लरची मालकीण बया येते, तिचं सगळं दुखणं आईपाशी अडकलेलं. स्वप्नात देशोदेशीचे सत्ताधीश दिसणारा बेकरीवाला येतो. उदास झालेला इमाम येतो. थोड्याच दिवसांत जिन्यात रांग लागते.

आम्ही पोट धरून हसलो. बयाच्या जागी आमच्या गल्लीतली कोण, बेकरीवाल्याच्या जागी कोण, हेही ठरवून झालं. पण त्या हसण्यातच सासूबाईंनी एक प्रश्न विचारला आणि खोली गप्प झाली.

'ती मुलगी,' त्या म्हणाल्या, 'ऐकलेलं खाली काकूला सांगत नाही ना?'

'नाही आजी. कुणालाच नाही.'

'मग पैसे त्याचे आहेत.'

मी तुम्हाला खरं सांगते, सिनेमावरची पुष्कळ परीक्षणं मी नंतर वाचली. इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. बोलायचे पैसे कुणी देत नाही. ऐकलेलं आपल्यापाशी ठेवायचे पैसे असतात.

कानांची भीती

ट्युनिशियाच्या लोकांना ही भीती जरा वेगळ्या कारणानं माहीत होती. तिथं झीन अल आबिदीन बेन अली यांची सत्ता १९८७ पासून २०११ पर्यंत, म्हणजे २३ वर्षं होती. पोलिसांची नजर सगळीकडे. कॅफेत शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस कुणाचा खबऱ्या असेल, सांगता येत नसे. १४ जानेवारी २०११ला बेन अली देश सोडून पळाले आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली माणसं एकदम बोलायला लागली. सेल्मा परत येते ती या वाहत्या तोंडांच्या गावात. हसू येतं ते त्यामुळेच. सगळे एकाच वेळी बोलताहेत आणि ऐकायला एकच जण बसली आहे.

आपल्याकडे हुकूमशहा नव्हता. पण 'चार लोक' होते की! ते चार लोक आजपर्यंत कुणी पाहिले नाहीत, तरी त्यांच्या भीतीनं किती मुलींनी सासरचा त्रास माहेरी सांगितला नाही, किती पुरुषांनी धंद्यात बुडालेला पैसा बायकोपासून लपवला, किती पोरांनी नापास झाल्याचं पत्र दप्तरातच ठेवलं, हे तुम्ही आपापल्या घरात मोजून बघा.

आणि ही गरज परदेशातून आलेली आहे, असं समजू नका. आपल्या आज्या-पणज्यांकडे एक न बोलणारं जिवलग होतं, ते म्हणजे जातं. पहाटे घर झोपलेलं असताना दळता दळता बायका सासूचं, नवऱ्याचं, माहेरच्या आठवणीचं सगळं ओव्यांत सांगायच्या. दगड ऐकायचा आणि कुणाला सांगायचा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मन त्या दगडांपाशी मोकळं झालं होतं. मग गिरणी आली. हाताचे कष्ट गेले ते फार चांगलं झालं, पण पहाटेचं ते ऐकणारंही गेलं. त्याच्या जागी काय आलं, याचा विचार मात्र कुणी केला नाही.

फ्रॉइडचंही तसंच. लाल टोपीतला तो फोटो पाहून आम्ही हसलो, पण कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली होती. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या संस्थेनं त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली. फ्रॉइडनं ती आपल्या टेबलावर ठेवली होती. सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांचं त्या दाढीवाल्याबद्दलचं मत बरंच सुधारलं.

आपली जानकी

सेल्माला पाहताना मला आपला एक मराठी सिनेमा सारखा आठवत होता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. त्यातली जानकीही परदेशातून परत आलेली. अमेरिकेतला संसार मोडलाय, ती स्वतः नैराश्यातून बाहेर येण्यासाठी उपचार घेतेय. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनाचं काम चालतं, तिथं ती राहते. तिला एक तरुण मुलगा भेटतो, जगण्यावरच रुसलेला. ती त्याला घरात ठेवून घेते. नाव, गाव, आईबाप, काय झालं, असं काहीच खोदून विचारत नाही. जेवायला देते आणि थांबते. त्या सिनेमातले दत्ताभाऊ झालेले डॉ. मोहन आगाशे प्रत्यक्षातही मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

'कासव' हसवत नाही, ट्युनिसचा सिनेमा हसवतो. पण दोघींचा हात एकाच जागी पोचतो. जानकी वाट बघते. सेल्माही दिवाणाच्या मागे खुर्चीत बसून वाट बघते. आपण दोघींपेक्षा फार घाईत असतो. समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं, की आपलं सुरू, 'अगं, माझ्या बाबतीत तर याहून वाईट झालं होतं.'

अजून एक गोष्ट सांगते. सेल्माचं काम केलंय गोलशिफ्ते फराहानी या इराणी अभिनेत्रीनं. ती २००८ मध्ये इराणमधून बाहेर पडली आणि नंतर फ्रान्समध्येच राहिली. मायदेशी परतणाऱ्या मुलीची गोष्ट, आणि ती करणारी स्वतः मायदेशाबाहेर अडकलेली. हे कळल्यावर जाऊबाई लेकीकडे बघून म्हणाल्या, 'तू येऊ तरी शकतेस.' तेवढ्यावर विरोध संपला असं नाही. पण त्या रात्री दवाखान्यातले 'वेडे' त्यांच्या बोलण्यातून गेले.

पाटी लावली म्हणजे झालं का?

सिनेमात एक पोलीस अधिकारी सेल्माच्या मागे लागतो, परवाना कुठाय? मग मंत्रालयाच्या चकरा सुरू होतात, आणि तिथल्या बाईंना खुर्चीत बसून कपडे विकण्यातून वेळ नाही. ही चित्रं पाहताना तर आमच्याकडे भाषांतराची गरजच पडली नाही.

पण तो पोलीस विचारतो ते अगदीच चूक नाही, हे पुतणीनं समजावलं. तुमच्या कामाचं आहे म्हणून इथं सांगते. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, औषधं तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून आणि चाचण्यांतून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. 'काउन्सेलर' अशी पाटी मात्र कमी शिकलेली माणसंही लावताना दिसतात. म्हणून पहिल्याच भेटीत शिक्षण आणि नोंदणी विचारा. चांगला माणूस रागावत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. जिवाला धोका असण्यासारखे काही मोजके अपवाद मात्र कायद्यात आहेत.

गरज किती आहे? बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, त्यात आमचं उत्तर प्रदेशही होतं. दर १० प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मानसिक आजार होता. आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. बरुआसागरसारख्या गावात तर ही माणसं आधी हृदयाच्या, मग पोटाच्या, मग मानेच्या डॉक्टरकडे जात राहतात.

हे मला आकड्यांवरून कळलेलं नाही. आमच्याच घरात ते घडत होतं.

सासरे गेल्यापासून सासूबाईंच्या छातीत धडधड व्हायची. रात्री तीनला उठून पलंगावर बसून राहायच्या. झाशी झालं, ग्वाल्हेर झालं. ईसीजी चांगला, रक्त चांगलं, इको चांगला. प्रत्येक वेळी 'काही नाही' असं ऐकून त्या जास्तच खचायच्या. कारण त्यांना तर काहीतरी होत होतं ना! (तुमच्याकडे असं कुणी असेल, तर हृदयाची तपासणी आधी जरूर करा. मनाचं असेल असं घरबसल्या ठरवू नका.)

सिनेमा पाहिल्यानंतर दोन दिवसांनी त्या नातीला म्हणाल्या, 'मला बोलायचंय. तुझे जे काय पैसे असतील ते देईन.'

आम्हा सगळ्यांना वाटलं, आता ही खूष होईल. तिनं आजीचा हात धरला आणि नाही म्हणाली. 'आजी, मी तुझी नात आहे. मला ऐकताना वाईट वाटेल, ते तुला दिसेल, मग तू अर्धं लपवशील. घरच्या माणसानं घरच्याचा उपचार करायचा नसतो.'

मग तिनं फोन लावून दिला. सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते. सासूबाईंना हिंदी चालली असती, पण त्या म्हणाल्या, 'हिंदीत बोलले तर शेजारच्यांना कळेल, मराठीत बोलले तर तुम्हाला कळेल.' शेवटी मराठी ठरली, दार लावलं आणि बाहेरच्या खोलीत आम्हाला टीव्ही मोठा करून बसवलं.

वीस-बावीस मिनिटं त्या आत होत्या. नंतर झाशीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं सुरू झालं. एक छोटी गोळी आहे, आणि महिन्यातून दोनदा बोलणं. धडधड पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण आता बऱ्याच रात्री त्या सकाळी पाचपर्यंत झोपतात.

त्या काय बोलल्या, हे तुम्हाला वाचायला आवडेल, मला माहीत आहे. मला सांगता येणार नाही, कारण मी विचारलेलं नाही. चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आम्ही. त्यांच्या गुडघ्यापासून त्यांच्या माहेरच्या भांडणांपर्यंत सगळं मला ठाऊक आहे. त्यांच्यापाशी माझ्यासाठी नसलेलंही काही आहे, हे मला गेल्या दिवाळीत पहिल्यांदा कळलं. थोडं लागलं. मग वाटलं, माझ्यापाशी तरी त्यांच्यासाठी नसलेलं काय कमी आहे?

आता गच्चीवरच्या खोलीचं सांगते. ती मिळाली नाही. विरोध मावळल्यावर नेमकी पुतणीच म्हणाली, ही जागा चालणार नाही. गच्चीचा जिना आमच्या अंगणातून, स्वयंपाकघरासमोरून जातो. म्हणजे कोण वर गेलं, किती वेळानं खाली आलं आणि डोळे लाल होते का, हे सगळं मला भाजी चिरता चिरता दिसणार. सिनेमात जिन्यातली रांग बघायला मजा येते. खऱ्या बरुआसागरात त्या जिन्यावर कुणी पाऊलही ठेवलं नसतं.

तिनं झाशीत एका इमारतीत खोली घेतली आहे. खाली शिंप्याचं दुकान, मध्ये मुलांचे क्लास, वर दातांचा दवाखाना आणि त्याच्या शेजारी ती. कोण कुणाकडे चाललंय, जिन्यात कळत नाही. पहिल्या महिन्यात फक्त तीन माणसं आली. आता आठवड्याचे चार दिवस भरतात.

आणि जाऊबाई? मंडईत कुणी बाई 'जिज्जी, हल्ली झोपच येत नाही' म्हणाली, की त्या पिशवीतली भाजी नीट करता करता हळूच सांगतात, 'झाशीला एकदा दात दाखवून ये.' या वर्षी बरुआसागरातल्या बऱ्याच जणांचे दात दुखायला लागले आहेत. आम्ही कुणाला विचारत नाही, कोणता दात.